शेवटच्या रिळातला जोड

४ जानेवारी

प्रिय मामा,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी तब्येत विचारली आणि तू पाच मिनिटं मला तुमच्या गल्लीतल्या नळाची हकीकत सांगितलीस, म्हणून पत्र. चाळीस वर्षं मशीनच्या घरघरीत घालवलेल्या तुझ्या कानांना माझा नमस्कार.

काम निघालंय, आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही. तुला माहीतच आहे, आमच्या संग्रहालयात जुन्या चित्रपटांची दुरुस्ती चालते. गेली दोन वर्षं मी एकाच चित्रपटावर बसले आहे. तो काळापांढरा युद्धपट, टेकडीवरच्या हवालदाराचा. आठवतोय ना? मेजर टेलिफोनवरून सांगतो, माघार घ्या. हवालदार चाळीस माणसं सुखरूप खाली आणतो. टेकडी हातची जाते, वरचे चिडतात, आणि मेजर म्हणतो, मी असा हुकूम दिलाच नव्हता. मग त्या शाळेच्या वर्गात लष्करी कोर्ट भरतं, फळ्यावर अजून मुलांची गणितं तशीच असतात. जाणकार लोक म्हणतात की सैन्यातल्या अन्यायावर इतका सरळ चित्रपट दुसरा झाला नाही. मूळ निगेटिव्ह जळून गेली. जगात आता ही एकच प्रत उरली आहे, आणि ती माझ्या टेबलावर आहे.

घोटाळा शेवटच्या रिळात आहे. न्यायाधीश निकाल सांगायला तोंड उघडतो, आणि पुढच्याच क्षणाला हवालदार खांद्यावर ट्रंक घेऊन रस्त्याने एकटा चाललेला दिसतो. समाप्त. मधलं काहीतरी गेलंय. वीस एप्रिलला मोठा खेळ ठेवलाय, बाहेरून माणसं येणार आहेत. मधला तुकडा मिळाला नाही, तर चित्रपट असाच लंगडा दाखवायचा, आणि पुढे तो कायमचा लंगडाच राहणार.

तू हा चित्रपट आपल्या थिएटरात अकरा आठवडे चालवलास. दिवसाला तीन खेळ. एवढ्या वेळा तर तो दिग्दर्शकानेही पाहिला नसेल. न्यायाधीश काय म्हणतो, आणि पुढे काय होतं, तेवढं आठवून लिही.

आईबाबांकडे चक्कर असतेच ना तुझी? बाबांच्या गुडघ्याला नमस्कार सांग.

तुझी,
भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने दारात उभं राहून दिलं आणि म्हणाला, तुम्हाला कोण पत्र पाठवतं हल्ली? मी म्हटलं, सरकारी संग्रहालयाला माझा सल्ला हवाय. तेव्हापासून तो माझ्याशी जरा वाकून बोलतो.

तो चित्रपट न आठवायला काय झालं? बारा रिळं, एकेक डबा उचलताना खांदा निखळायचा. तिसऱ्या रिळात फिल्म थोडी आखडलेली होती, त्यामुळे तिथे मी मशीनवर हात ठेवून उभा असे. एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना कोपऱ्यात ठिपका चमकतो ना, त्याची मला गरजच पडत नसे. पडद्यावर पलटणीतला स्वयंपाकी टोपी उलटी घालतो, की दुसरं मशीन सुरू. अकरा आठवड्यांत एकदाही पडदा पांढरा झाला नाही. हे तुमच्या बाहेरून येणाऱ्या माणसांना अवश्य सांग.

तुकड्याचं म्हणशील तर गेलेलं काही नाही. चित्रपट तसाच आहे. न्यायाधीश तोंड उघडतो आणि हवालदार सुटतो. निकाल ऐकवायची गरजच काय? प्रेक्षक काय कुक्कुली बाळं आहेत? ट्रंक घेऊन घरी निघाला, म्हणजे सुटला. आपल्याकडे तर लोक उभं राहून टाळ्या वाजवत. किराणावाला सात वेळा आला, आणि सातही वेळा बाहेर पडताना म्हणाला, सुटला बिचारा! तर उगाच नसलेलं शोधत बसू नकोस. डोळे सांभाळ.

ताई बरी आहे. मशीनवर बसून अजून अख्ख्या गल्लीचे कपडे शिवते. दाजी काल शिडीवर चढून पाण्याची टाकी धूत होते. गुडघ्याला तुझा नमस्कार पोचवला.

तुझा,
मामा


२७ जानेवारी

प्रिय मामा,

तुझ्या मताचा आदर आहे, पण माझ्याकडे कागद आहे. चित्रपट पहिल्यांदा सेन्सॉरकडून मंजूर झाला तेव्हाचा दाखला सापडला. त्यावर लांबी लिहिली आहे. आमची प्रत त्याहून तीनशे चौतीस फुटांनी कमी भरते. म्हणजे पावणेचार मिनिटं. पावणेचार मिनिटं उंदीर खात नाहीत मामा, आणि खाल्ली तरी इतकी नेमकी खात नाहीत.

शिवाय इथे एक म्हातारे गृहस्थ भेटले, त्यांनी तो दुसरीकडे कुठेतरी पाहिला होता. ते छातीठोकपणे सांगतात की हवालदार दोषी ठरतो. पण पुढे काय होतं ते त्यांना आठवत नाही. "फार वाईट होतं," एवढंच म्हणतात.

थोडक्यात, कुणीतरी तो भाग कापलाय. कुठल्यातरी अडाणी ऑपरेटरने कातर चालवली, कसाबसा जोड मारला आणि दिली प्रत पाठवून. असल्या माणसांच्या हाती मशीन द्यायचंच कशाला? तुला काही अंदाज आहे का, तुझ्यानंतर ही प्रत कुठे गेली? असा भोंगळ जोड मारणारा त्या भागात कोण होता?

बाकी ठीक. सर्दी झाली होती, गेली.

भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

अडाणी?

तुझं पत्र वाचून सकाळचा चहा तसाच राहिला. भोंगळ जोड! तू तो भिंगाखाली नीट पाहिलास तरी का? दोन्ही टोकं पात्याने एकसारखी खरवडलेली, जराशी तिरपी, म्हणजे मशीनच्या दात्यावर झटका बसत नाही. फिल्म चिकटवायचं सिमेंट एकच थेंब, वर दाबून तीस आकडे मोजलेले. कडेला लाल शाईचा बारीक ठिपका, म्हणजे पुढच्याला कळावं की इथे जोड आहे, हात सांभाळून. तो जोड अकरा आठवडे दिवसाला तीनदा मशीनमधून गेला आणि एकदाही सुटला नाही. त्रेचाळीस वर्षांनी तुझ्या टेबलावर आला, तरी सुटलेला नाही. आणि तुझ्या संग्रहालयात पगारी माणसं त्याला भोंगळ म्हणतात!

हे लिहून झाल्यावर मी चष्मा काढून बसलो. पत्र फाडून दुसरं लिहावं, असं आलं मनात. पण सत्तरी आली, आता किती कागद फाडायचे?

बरं, कापला मी. त्यात एवढं काय? शेवटचा खेळ लांबायचा आणि लोकांना घरी जायची घाई असायची. पावणेचार मिनिटं वाचली. सगळेच ऑपरेटर करत. तुकडा तेव्हाच कचऱ्यात गेला. आता विषय संपव.

मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

लाल ठिपक्याबद्दल मी तुला एका अक्षराने लिहिलं नव्हतं.

रागावू नकोस. जोड मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. पाच वर्षांची असताना तुझ्या केबिनमध्ये उलट्या बादलीवर बसून मी ती लाल शाईची बाटली धरत असे, विसरलास? तो ठिपका भिंगाखाली दिसला तेव्हा मी एकटीच हसले होते. इतका सुंदर जोड मी इथे दुसरा पाहिलेला नाही. आमच्या नव्या लोकांना तो दाखवते, असं काम करा म्हणून. भोंगळ म्हटलं ते तुला डिवचायला. तू सरळ विचारल्यावर सांगितलंस का? मग मला गळ टाकावाच लागला.

पण दोन गोष्टी पटत नाहीत. एक, लोकांच्या घाईसाठी तू फिल्म कापशील? राष्ट्रगीताएवढ्या भक्तीने जाहिराती दाखवणारा तू? आणि दोन, तू कधी काही कचऱ्यात टाकलंयस? तुझ्या कपाटात मोडक्या स्क्रूचेसुद्धा तीन डबे आहेत.

परवा बाबांना फोनवर सहज विचारलं, त्या चित्रपटाच्या शेवटी काय होतं हो? तुम्ही तर थिएटरच्या दारावरच असायचात. बाबा एवढंच म्हणाले, "मामाला विचार," आणि फोन आईकडे दिला. आईने मला पंधरा मिनिटं स्वेटरबद्दल सांगितलं.

मामा, काय आहे हे? तुम्ही तिघं मिळून काहीतरी दडवताय. मला तुकडा हवाय हे खरं आहे, त्याच्याशिवाय दोन वर्षांचं काम अर्धवट राहील. पण आता तेवढंच राहिलं नाही.

भिंगरी


१ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली ठेवून झोपलो. मान धरली.

ताईला मी शब्द दिला होता की मुलांना कळू देणार नाही. तो मोडतोय. तू आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहेस, मूल राहिली नाहीस, अशी मी माझी समजूत घातली आहे.

तुझ्या बाबांच्या गुडघ्याला कधीही काही झालेलं नाही. गुडघ्यामुळे सैन्य सोडलं, ही ताईने बसवलेली गोष्ट. दाजींना काढलं होतं. का, ते त्यांनी कधी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच माहीत की दोष त्यांचा नव्हता आणि शिक्षा त्यांची होती. घरी आले ते ट्रंक घेऊनच. सहा महिने अंगणात बसून होते. कुणाशी बोलत नसत. तू तेव्हा चार वर्षांची, त्यांच्या पाठीवर चढून खेळायचीस, ते खेळू द्यायचे, पण लक्ष नसायचं. मी मालकांच्या हातापाया पडून त्यांना थिएटरच्या दारावर लावलं. तिकिटं फाडायची, दार लावायचं, उशिरा आलेल्याला टॉर्चने जागा दाखवायची. काम त्यांना मानवलं. दार इतकं वेळेवर लागायला लागलं की लोक घड्याळं लावून घेत.

वर्षभराने हा चित्रपट आला. मी आधी पाहिला नव्हता, डबे सकाळीच आले होते. शुक्रवारी दुपारचा पहिला खेळ. शेवटच्या रिळात न्यायाधीश म्हणतो, दोषी. मग मैदान. सगळी पलटण रांगेत उभी. ढोल वाजतो. मेजर पुढे येतो आणि सगळ्यांसमोर हवालदाराच्या दंडावरच्या फिती उपटतो, मग बटणं, मग टोपी. पावणेचार मिनिटं कुणी बोलत नाही. आणि तेवढ्यात पडद्यावर उजेड पडला. मी खिडकीतून पाहिलं, तर दार सताड उघडं. लोक ओरडायला लागले. दाजी दारावर नव्हते. दार उघडं टाकून जाणारा तो माणूसच नव्हे. मी खाली धावलो, तर ते सायकलींच्या स्टँडपाशी उकिडवे बसले होते, हातात टॉर्च, तो पेटलेलाच. भर दुपारी.

पुढच्या दोन्ही खेळांना ते शेवटाच्या आधीच बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा अंगणात जाऊन बसतो.

शनिवारी सकाळी मी कापलं. दाजींना म्हटलं, वरून हुकूम आला, तो भाग काढायचा आहे. एवढं एकच खोटं मी त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले, "बरं." दुपारी मी शेवटच्या रिळाला खिडकीशीच उभा होतो. न्यायाधीशाने तोंड उघडलं, दाजींनी दाराची मूठ धरली, आणि पडद्यावर रस्ता आला. लोकांना वाटलं, सुटला! टाळ्या सुरू झाल्या. देवाशपथ सांगतो, माझ्या हे डोक्यातही नव्हतं. मी फक्त तेवढं काढायला गेलो होतो. तुकडा गेल्याने माणूस निर्दोष होईल, हे मला कापताना सुचलंच नाही. आणि मग ते बदलायची इच्छा झाली नाही.

प्रत परत पाठवताना तुकडा जागेवर जोडून पाठवायचा, हा धंद्याचा नियम आहे. मी तो मोडला. डबा बांधायच्या दिवशी तुकडा हातात घेतला होता. मग वाटलं, पुढच्या गावातही कुणी दारावर उभा असेल. ठेवून दिला.

आहे तो. स्क्रूच्या डब्यांमागे, गोल डब्यात, कापडात गुंडाळलेला. दर हिवाळ्यात काढून वारा देतो. पण तो तुला द्यायचा की नाही, हे मी ठरवू शकत नाही. दाजींना विचारायला हवं, आणि माझी हिंमत होत नाही. त्रेचाळीस वर्षं त्यांना वाटतंय की वरून हुकूम आला होता. आता कोणत्या तोंडाने सांगू?

मामा


१४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मी पत्र लिहिणारा माणूस नाही. चूकभूल समजून घे.

तुझा मामा सलग चार दिवस संध्याकाळी घरी आला. चहा घ्यायचा, छताकडे बघायचा आणि जायचा. चौथ्या दिवशी मीच विचारलं, "डबा आणलायस का?" त्याचा कप हातातून पडायचा राहिला. तो खरोखरच पिशवीत डबा घेऊन फिरत होता.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो म्हणाला, वरून हुकूम आला, कागद आहे, दाखवू का? मी म्हटलं नको. वरून येणारे हुकूम मी पाहिलेत. ज्याने माणूस मरतो, त्याचा कागद कधी नसतो. हा कागद दाखवायला निघाला, तेव्हाच समजलो की कागद याने स्वतः लिहिलाय आणि हुकूमही याचाच आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही. पुढे राहूनच गेलं.

तुला माझी हकीकत कळायला हवी. मी सैन्यात ड्रायव्हर होतो, दंडावर दोन फिती. एका दुपारी साहेबांना स्वतः ट्रक चालवायची हौस आली. उतारावर ट्रक उलटला. मागे बसलेल्या एका जवानाचा पाय गेला. गाडी साहेब चालवत होते. कागदावर मी चालवत होतो. सही कर म्हणाले, थोडक्यात मिटवतो. मी केली नाही. मग खोटं बोलल्याचाही आरोप लागला. ज्याचा पाय गेला तो माझ्या बाजूने बोलला, पण त्याला म्हणाले, तू शुद्धीवर नव्हतास. त्याची आजही नवीन वर्षाला चिठ्ठी येते. तुम्ही मुलं त्याला लंगडेकाका म्हणता, तोच तो.

केलेल्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती त्या मैदानाची. तुला सांगायचं टाळलं ते त्यामुळे.

एक गोष्ट तुझ्या कामाची आहे म्हणून लिहितो. चित्रपटात फिती एका झटक्यात निघतात. तसं होत नाही. माझ्या फिती तुझ्या आईने शिवल्या होत्या, दुहेरी दोऱ्याने, उलटसुलट टाके घालून. अधिकाऱ्याने चार वेळा ओढलं. निघेनात. सगळी पलटण बघत होती. शेवटी त्याला ब्लेड मागवावं लागलं. ब्लेड येईपर्यंत तो माझा दंड धरून उभा राहिला आणि घाम त्यालाच फुटला. हे मी घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं. ती रडता रडता म्हणाली, "मग? मी शिवलेलं आहे ते."

त्या अकरा आठवड्यांबद्दल सांगायचं तर मी मोजलं आहे. पहिल्या दिवसाचे तीन खेळ सोडून दोनशे अठ्ठावीस. तेवढ्या वेळा तो माणूस माझ्यासमोर सुटला. लोक बाहेर पडताना मलाच सांगत, "सुटला हो!" मी दार धरून म्हणायचो, "हो." सुरुवातीला नुसतंच म्हणायचो. सहाव्या-सातव्या आठवड्यात पटायला लागलं. त्यानंतर मी अंगणात बसलो नाही. हे तुझ्या मामाचं काम. तो याला जोड म्हणतो.

पण चित्रपट खोटा राहू नये. ज्यांनी बनवला त्यांनी ते मैदान दाखवायचं धैर्य केलं होतं. लोकांनी बघायला हवं. मला पुरेसं सुटून झालं आहे. तुकडा पार्सलने पाठवत आहे, मामाने तो तीन कपड्यांत गुंडाळलाय.

मी आणि तुझी आई वीस तारखेला येतो. मला बसायला खुर्ची नको. दार कुठल्या बाजूला आहे तेवढं कळव.

बाबा


२३ एप्रिल

प्रिय मामा,

तू आला नाहीस. दुसऱ्याने चालवलेलं मशीन बघवत नाही, हे कारण मी मान्य करते, कारण दुसऱ्या कुणी दिलं असतं तर पटलं नसतं. आता सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तू तिथे नव्हतास असं होणार नाही.

आधी तुकडा. तीनशे चौतीस फूट, एक चौकटसुद्धा कमी नाही. थोडा आखडला होता, पण तू वारा दिला होतास ते कामी आलं. आमचे मुख्य म्हणाले, चाळीस वर्षं घरच्या कपाटात राहून फिल्म अशी राहतेच कशी? मी म्हटलं, हिला दर हिवाळ्यात फिरायला नेत होते. तुझा जोड मला सोडवावा लागला. अर्धा तास लागला मामा, इतका पक्का होता. मग दोन नवे जोड मारले, तिरपे, तीस आकडे मोजून. आणि दोन्हींच्या कडेला लाल ठिपका दिला. नियमात बसत नाही. कुणी विचारलं तर वरून हुकूम आला म्हणून सांगणार आहे.

बाबांचं पत्र मी टेबलावर काम करता करता वाचायला घेतलं आणि मग काम बाजूला ठेवलं. खूप रडले. राग तर इतका आला की त्या साहेबांचं नाव शोधून काढावंसं वाटलं. मग पुन्हा वाचलं, आणि ब्लेडपाशी आल्यावर हसूच फुटलं. त्या दिवसापासून रोज एकदा वाचते. हसायचं ठिकाण बदलत नाही.

आता खेळ. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पाऊण तास आधी दारावर हजर. आमच्या दारावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, "तुमची हरकत नसेल तर आज मी उभा राहू?" तो बिचारा त्यांना टॉर्च देऊनच बाजूला झाला. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही बाबांनी तिकीट पाहिल्याशिवाय सोडलं नाही. एक मोठे दिग्दर्शक दोन मिनिटं उशिरा आले, त्यांना टॉर्चने जागेवर नेऊन बसवलं आणि वर बजावलं, "पुढच्या वेळी वेळेवर या." आई तिसऱ्या रांगेत.

मी पडद्याकडे पाहिलंच नाही. शेवटच्या रिळाला मी दाराकडे बघत होते. न्यायाधीश म्हणाला, दोषी. ढोल सुरू झाला. बाबांनी हात खाली सोडले, टाचा जुळवल्या आणि सरळ उभे राहिले. दाराची मूठ धरली नाही. मैदान पूर्ण पाहिलं. मेजरने फिती एका झटक्यात उपटल्या, आणि अख्ख्या शांत सभागृहात आईचा आवाज आला, "कच्चं शिवलंय!"

माझ्या शेजारचे पाहुणे दचकले. दाराकडून हसण्याचा आवाज आला. मामा, बाबा हसत होते. सावधान उभे राहून, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हसत होते. दार बंदच होतं, पडद्यावर उजेड पडला नाही.

समाप्त झाल्यावर टाळ्या नाहीत, काही नाही. मग सावकाश एकेक जण बाहेर पडायला लागला. बाबा दार धरून. मी आईला हाताला धरून मागून येत होते. नंतर बाबांना विचारलं, इतका वेळ उभे राहिलात, गुडघा दुखला का? ते म्हणाले, "कुठला गुडघा?" आईने त्यांना डोळे मोठे करून दाखवले, मग तिलाच आठवलं की आता त्याची गरज नाही.

पण त्याआधीचं राहिलं. बाहेर पडणाऱ्यांत एक म्हाताऱ्या बाई होत्या, काठी टेकत आलेल्या. दाराशी थांबल्या आणि बाबांवरच चिडल्या. म्हणाल्या, "हे काय दाखवलंत? मी तरुणपणी पाहिलाय हा, आमच्या गावातल्या थिएटरात. चार वेळा पाहिलाय. सुटतो तो! तुम्ही शेवट बदललात."

त्यांनी आपल्याच गावाचं नाव घेतलं मामा.

मी पुढे होणार होते समजावायला, खरा शेवट हाच आहे, तुकडा कसा सापडला वगैरे. बाबांनी हातानेच मला थांबवलं. बाईंची काठी अडू नये म्हणून दार आणखी उघडलं, आणि म्हणाले,

"बरोबर आहे तुमचं. आपल्याकडे सुटला होता. मी होतो तिथे."

तुझीच,
भिंगरी